दप्तरातला ससा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका शाळेत तेरा वर्षांच्या स्वमग्न मुलाने बाईंना सांगितलं, की माझ्या दप्तरात बघाल तर सगळी शाळा उडेल. दप्तर उघडलं तेव्हा त्यातून निघाला कापडाचा ससा. त्याचा लाडका. तरीही पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं आणि अल्पवयीन आरोपींच्या कोठडीत नेलं. 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने ही हकिकत 2024 मध्ये छापली, आणि राज्याच्या नव्या कायद्याकडे देशाचं लक्ष गेलं.

कायद्यामागचं दुःख मात्र खरं आहे. 27 मार्च 2023 रोजी नॅशव्हिलच्या कव्हेनंट शाळेत नऊ वर्षांची तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गोळीबारात गेली. त्यानंतर हजारो पालक विधानभवनाबाहेर उभे राहिले. त्यांची मागणी होती बंदुकांवर काहीतरी लगाम घालण्याची. गव्हर्नर बिल ली यांनी ऑगस्टमध्ये खास अधिवेशन बोलावलं, पण बंदुकांच्या बाबतीत त्यातून म्हणण्यासारखं काही निघालं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये उलट शिक्षकांनाच लपवून पिस्तूल बाळगायची मुभा मिळाली. बंदुकीला हात लावायचा नाही म्हटल्यावर हाताशी उरलं काय, तर पोरांचं तोंड.

ते कायद्याने घट्ट धरलं. शाळेत सामूहिक हिंसाचार करण्याची धमकी देणं हा टेनेसीत आधी किरकोळ गुन्हा होता; जास्तीत जास्त वर्षभराच्या आतली कैद. जुलै 2024 पासून तो गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात गेला. प्रौढाला त्यासाठी एक ते सहा वर्षं होऊ शकतात. मुलांचा खटला बाल न्यायालयात चालतो हे खरं, पण अटक, कोठडी आणि नावापुढे लागलेला शिक्का त्यांनाही चुकत नाही. धमकी बोलून, लिहून, फोनवरून, कशीही दिलेली चालते. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सूट आहे, स्वमग्नतेला नाही. सशाचा मालक नेमका त्या फटीत अडकला.

गंमत म्हणजे याच राज्यात दुसराही एक कायदा आहे. धमकी देणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वर्षभर शाळेतून काढा, असं तो म्हणतो. पण काढण्याआधी धमकीत तथ्य आहे का, हे शाळेने तपासलं पाहिजे अशी अट त्याला नंतर घातली गेली. म्हणजे घरी बसवायचं तर आधी चौकशी, आणि बेड्या घालायच्या तर तिची गरज नाही! बेजबाबदारपणे बोलला एवढं पोलिसांना पुरतं. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटरमन विरुद्ध कोलोरॅडो या खटल्यात किमान पट्टी तेवढीच ठेवली: आपलं बोलणं धमकी वाटू शकतं हे कळत असूनही माणूस बोलला, हे दाखवता आलं की झालं. मोठ्या माणसाला हा निकष ठीकच आहे. अकरा वर्षांच्या पोराला काय कळत असतं आणि काय नसतं, हे मात्र कुणी कसं सिद्ध करायचं?

फ्लोरिडा याहून कडक. पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारात फेब्रुवारी 2018 मध्ये सतरा जण मारले गेल्यावर लेखी धमक्यांच्या जुन्या कलमात सामूहिक गोळीबाराची धमकी घातली गेली. कमाल शिक्षा 15 वर्षं. तिथे गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीनाचं नावही जाहीर करता येतं. सप्टेंबर 2024 मध्ये वोलुशिया काउंटीचे शेरीफ माइक चिटवुड यांनी अकरा वर्षांच्या मुलाला बेड्यांत नेतानाचा व्हिडिओ, नावासकट, समाजमाध्यमांवर टाकला. आधी इशारा दिला होता, म्हणे. शेरीफचा वैताग समजू शकतो. एका फुसक्या संदेशापायी शाळा रिकामी होते, सगळी फौज कामाला लागते, शेकडो आईबाप धापा टाकत फाटकाशी येतात. पण पाचवी-सहावीतल्या पोराची धिंड काढून पुढचं पोर शहाणं होतं, यावर माझा विश्वास नाही.

शेजारच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उपनगरांत मराठी घरं भरपूर आहेत. 'थांब, मुडदाच पाडते तुझा' असं म्हणत पोळीवर तूप वाढणारी आई आपल्याला नवी नाही. तिचा लेक मात्र चिडून तसलंच काही वर्गाच्या चॅट ग्रुपवर इंग्रजीत लिहून बसला, तर दारात पोलिसांची गाडी येऊ शकते. तिथल्या आईबापांनी मुलांना एकदा समोर बसवून हे सांगितलेलं बरं.

खरी अडचण वेगळीच आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्याबरोबर शाळांवरच्या 37 हल्ल्यांचा अभ्यास करून 2002 मध्ये अहवाल दिला. बहुतेक हल्लेखोरांनी ज्यांच्यावर हल्ला केला त्यांना आधी थेट धमकी दिलीच नव्हती. पण बहुतेकांच्या मनात काय शिजतंय हे कुणाला ना कुणाला ठाऊक होतं, आणि तो कुणीतरी बहुधा बरोबरीचाच मुलगा असायचा. म्हणजे सगळी भिस्त आली त्या मित्रावर. आपण बाईंच्या कानावर घातलं तर दोस्ताला मदत मिळेल असं त्याला वाटलं तर तो सांगेल. दोस्त बेड्यांत जाईल असं वाटलं तर गप्प बसेल. शिक्षा वाढवताना हा हिशेब कुणी केलेला दिसत नाही.

व्हर्जिनियाने तो केला. सगळ्या सरकारी शाळांत धोक्याची पारख करणारी पथकं 2013 मध्ये कायद्याने सक्तीची करणारं ते पहिलं राज्य. पथकात समुपदेशन, अध्यापन, शाळेचं प्रशासन आणि पोलीसकाम जाणणारी माणसं एकत्र बसतात. मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी तिथल्या विद्यापीठात घडवलेल्या पद्धतीत पहिला प्रश्न असतो, हा रागाच्या भरात सुटलेला शब्द आहे की त्यामागे बेत आहे? पहिल्या प्रकारात समज देऊन, माफी मागायला लावून विषय मिटतो. दुसऱ्यात ज्याच्या जिवाला धोका त्याला सावध करतात, बेत आखणाऱ्यावर लक्ष ठेवतात, गरज पडली तर पोलीस येतात.

जॉर्जियात दोन्ही वाटांची सरमिसळ झाली. तिथल्या अपलाची हायस्कूलमध्ये सप्टेंबर 2024 मध्ये दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारले गेले. आरोपी चौदा वर्षांचा. इंटरनेटवरच्या धमक्यांवरून एफबीआयला खबर मिळाली होती आणि 2023 च्या मे महिन्यात स्थानिक पोलीस त्याच्या घरी जाऊन आलेही होते. त्याने कानावर हात ठेवले, पुढे काही झालं नाही. एप्रिल 2025 मध्ये गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी सही केलेल्या कायद्यात शाळांना धमकावण्याबद्दलची कलमं आहेत, शाळांत धोक्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची सक्ती आहे. मला त्यातलं सगळ्यात कामाचं कलम वाटतं ते अगदीच रुक्ष: मूल शाळा बदलेल तेव्हा त्याची महत्त्वाची कागदपत्रं शाळेच्या कामकाजाच्या पाच दिवसांत नव्या शाळेकडे पोचली पाहिजेत.