ईमॅक्स बाइट-संकेत

ईमॅक्स या मजकूर-संपादक आज्ञावलीतील लिस्प लेखनाचे संकलनोत्तर रूप. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी १९८४ मध्ये या आज्ञावलीच्या लेखनास प्रारंभ केला व १९८५ मध्ये ती प्रसृत झाली. तिचा गाभा सी भाषेत असून बहुतेक सोयी ईमॅक्स लिस्प या भाषेत आहेत. वापरणाऱ्यास त्यांत स्वतःची भर घालता येते. मूळ लेखन ‘.ईएल’ फायलीत असते. संकलक त्याचे एका कल्पित यंत्राच्या आज्ञांत, म्हणजेच बाइट-संकेतात, रूपांतर करून ‘.ईएलसी’ फाइल तयार करतो. हा संकेत विशिष्ट प्रक्रियकाशी बांधलेला नसल्याने तो निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर चालतो.

आवृत्त्यांमधील सुसंगतता मात्र एकदिश असते. नजीकच्या जुन्या आवृत्तीत संकलित केलेली फाइल सामान्यतः नव्या आवृत्तीत चालते. उलटपक्षी नव्या आवृत्तीतील फायलीत जुनीस अज्ञात असलेल्या आज्ञा किंवा फलने असू शकतात. याहून फसवी अडचण मॅक्रोंची असते. मॅक्रोचा विस्तार संकलनाच्या वेळीच होतो. त्यामुळे पुढे त्याची व्याख्या बदलली, तरी संकलित फायलीत जुनाच विस्तार राहतो व दोष न दर्शविता चुकीचे कार्य घडू शकते. शिवाय दोन्ही फायली असता ईमॅक्स सामान्यतः संकलित फाइलच वाचते. म्हणून केवळ मूळ लेखनात केलेली दुरुस्ती निष्फळ ठरते.

२०२२ मधील २८ व्या आवृत्तीपासून प्रत्यक्ष यंत्रभाषेत संकलन करण्याची सोय झाली. अशा फायली त्या त्या आवृत्तीपुरत्याच उपयोगी असल्याने स्वतंत्र निर्देशिकांत ठेवल्या जातात. मूळ लेखन जपणे व आवृत्ती बदलताच पुनःसंकलन करणे, हाच खात्रीचा उपाय होय.