थोडंसं परकं रक्त

सलाईनच्या खांबाला गडद लाल द्रवाची पिशवी टांगलेली असते. भावाच्या कमरेच्या हाडातून सुईनं ओढून काढलेली ही अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो. ती बहिणीच्या शिरेत थेंबथेंब सोडतात. चीर नाही, टाका नाही. हाडात काही भरावंही लागत नाही. मज्जेतल्या मूळपेशी रक्ताबरोबर फिरत राहतात, हाडांच्या पोकळ्या आपणहून शोधून काढतात आणि तिथं ठाण मांडतात. दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त बनू लागतं. दोघांचे रक्तगट वेगळे असतील तर तिचा रक्तगट बदलून भावाचा होतो. तिच्या रक्तपेशींत एक्सवाय गुणसूत्रं सापडू लागतात!

हे शक्य आहे, असं हट्टानं मानणारा माणूस म्हणजे डॉ. ई. डोनल थॉमस. जन्म १९२० चा, टेक्सासमधल्या खेड्यातल्या डॉक्टरचा मुलगा. त्यांचा विचार सांगायला सोपा होता: ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, मज्जेत असतो, तर किरणांचा प्राणघातक मारा करून सगळी मज्जाच जाळायची आणि निरोगी मज्जा द्यायची. १९५७ मध्ये त्यांनी अशा मज्जादानाचे पहिले सहा रुग्ण नोंदवले. सहाही दगावले.

मग त्यांनी जुळ्यांकडे पाहिलं. एका ल्युकेमियाग्रस्त लहान मुलीला तिच्या एकसारख्या जुळ्या बहिणीची मज्जा दिली. मज्जा रुजली, रक्त सुधारलं. चार महिन्यांनी ल्युकेमिया परतला. इतका तंतोतंत जुळणारा दाता मिळूनही असं का व्हावं? उत्तर मिळायला वीस वर्षं जायची होती.

साठच्या दशकात बहुतेकांनी हा नाद सोडला. अडचण विचित्र होती. इतर अवयवांच्या रोपणात शरीर परक्या अवयवावर तुटून पडतं. इथं नवी मज्जा स्वतःची रोगप्रतिकारक फौज घेऊन येते आणि ती फौज रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर तुटून पडते. थॉमस कुत्र्यांकडे वळले. एकाच वेतातली, ऊतींचे गट जुळणारी पिल्लं निवडायची, मज्जा दिल्यावर त्या फौजेला आवरणारं मेथोट्रेक्सेट हे औषध द्यायचं, आणि कुत्री जगू लागली. पत्नी डॉटी सतत सोबत होत्या: प्रयोगशाळेतलं काम, हिशेब, शोधनिबंधांचं संपादन. पुढे थॉमस यांना नोबेल मिळालं, पण त्यात डॉटींचं नाव नव्हतं, हे मला आजही थोडं खटकतं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला थॉमस यांनी ऊतिगट जुळणाऱ्या भावंडांची मज्जा देऊन पुन्हा माणसांवर उपचार सुरू केले. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. १९७७ मध्ये त्यांच्या गटानं शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. सगळे शेवटच्या टप्प्यातले, इतर औषधं थकलेले. तेरा जण रोगमुक्त राहिले होते. तेरा हा आकडा लहान वाटतो. पण हे सारे मरणाच्या दारातून परतलेले. मग सिएटलकरांनी रुग्ण इतका खंगण्याआधीच, रोग आटोक्यात असतानाच मज्जा द्यायला सुरुवात केली आणि निकाल पालटले.

त्याच सिएटलमध्ये शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी. लहानपणीच्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवर असत. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातलं पहिलं यशस्वी मज्जारोपण केलं.

आता जुळ्या बहिणींचं कोडं. १९७९ मध्ये सिएटलच्या गटानं नोंदींत एक गोष्ट हेरली. ज्या रुग्णांवर दात्याच्या पेशींनी हल्ला केला होता, त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे किरणांतून निसटलेल्या रोगपेशी ती परकी फौजच टिपून मारत होती. जुळ्या बहिणीच्या पेशींना मात्र त्या मुलीत परकं असं काहीच दिसलं नसावं, मग त्या लढणार कुणाशी? ज्या हल्ल्याला थोपवण्यात थॉमस यांची उमेदीची वर्षं गेली, त्यातच औषध दडलेलं होतं. म्हणून आज काही रुग्णांत रोग डोकं वर काढताना दिसला, तर डॉक्टर त्याच दात्याच्या लसिकापेशी, म्हणजे त्या फौजेतलेच सैनिक, मागवतात आणि मोजूनमापून, हल्ला हाताबाहेर जाणार नाही अशा बेतानं, शिरेतून देतात.