ट्यूलिप भिंतीवर, सावर अंगणात

उन्हामुळे शाळा सकाळच्या भरवण्याचा आदेश निघाला की घरोघरी दोनच प्रश्न उरतात: पोरांना उठवायचं कोणी आणि रिक्षावाल्या काकांना पटवायचं कोणी? दरवर्षीचंच आहे, त्यात शिरत नाही. मला या आदेशात बालवाडीची मात्र सोय दिसते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी सातला शाळेच्या आवारात फुलांचा जो सडा पडलेला असतो, तो दहा वाजता शिल्लक नसतो. मावशींनी झाडून कचऱ्यात टाकलेला असतो.

वर्गात काय चाललेलं असतं? शहरातल्या बऱ्याच प्री-प्रायमरींत या दिवसांत भिंतीवर क्रेप कागदाचे ट्यूलिप आणि डॅफोडिल उगवतात. वर्कशीटवर ‘स्प्रिंग’, पुढच्या पानावर ‘ऑटम’ आणि त्यात गळणारी पानं. खिडकीबाहेरचा पिंपळ त्याच सुमारास जुनी पानं टाकून तांबूस पालवी मिरवत असतो. पानगळ आणि पालवी एकाच महिन्यात, कधीकधी एकाच फांदीवर! चार वर्षांच्या मुलीने हे पाहून विचारलं तर ताईंनी कोणाची बाजू घ्यायची, झाडाची की झेरॉक्सची?

दोष किंडरगार्टन सुरू करणाऱ्या फ्रोबेलला देऊ नये. 1837 मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी त्याने काम मांडलं, ते तिथल्या ऋतूंच्या हिशोबाने. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा, शिवाय सगळ्यांचे मिळून वाफे. बर्फ वितळलं की बी मातीत घालायचं, हे तिथे चोख बसतं. आपल्याकडे पेरणी जूनची. वसंत हा आपल्याकडे वेचणीचा काळ: फुलं पडतात, शेंगा वाळतात, बिया सुटतात. तरीही मार्चमध्ये प्लास्टिकच्या कपात बी लावण्याचा कार्यक्रम होतो आणि ते रोप सुट्टीत पाण्यावाचून मरतं. त्यापेक्षा मूठभर मूग भिजवून फडक्यात बांधावेत. थंडीत मोड यायला रेंगाळणारे तेच मूग आता लवकर फुटतात. असं का, हे मुलांनाच विचारावं. थंडीतही एकदा भिजवले असतील तर उत्तर त्यांच्यापाशी असतं.

आता काटेसावरीचं एक फूल घ्या. पडताना धप्प आवाज येतो, इतकं ते जड. पाच पाकळ्या, लाल, मांसल, बोटाने दाबल्या तर काकडीच्या सालीसारख्या मोडणाऱ्या. खाली जाड वाटी. मधले केसर मोजायला बसलं तर मोठ्यांचीही गणती चुकते. मुलं ‘खूप’ म्हणून मोकळी होतात आणि त्या वयाला ते उत्तर बरोबरच आहे. पाच-पाचचे ढीग, ताजं आणि सुकलेलं फूल दोन हातांत धरून जड-हलकं, पाकळी कागदावर घासून उमटणारा डाग, एवढ्यात तासभर जातो. वर मैना, कावळे, सूर्यपक्षी मधासाठी भांडत असतात. पळसाच्या फुलांचा केशरी रंग तर रात्रभर पाण्यात ठेवला की झाला. त्याला रंगाची पुडी लागत नाही.

हे सगळं नवं आहे असं जादुई पिटाऱ्याच्या जाहिराती वाचून वाटेल. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला, पाठोपाठ 2023 मध्ये खेळण्यांचा तो पिटारा आला. हेतू चांगला आहे, वाद नाही. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे पेटीशिवाय करून दाखवलं होतं. ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला घडलेल्या; 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला तो या दोघांच्या पुढाकाराने. माँटेसोरीचं महागडं लाकडी साहित्य ताराबाईंनी जवळून पाहिलं होतं. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताईही तिथेच येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच पाड्यावर गेली, घरांपुढच्या अंगणांत भरू लागली. साहित्य म्हणजे शिंपले, खडे, बिया, पानं. थोरली मुलं गुरांमागे जायची, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरतायत आणि शाळा चालू आहे, ही कल्पना आजच्या एखाद्या तपासणी अधिकाऱ्याला सांगून बघा! सरकारने 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा अंगणवाडी हे नाव उचललं. अंगण मात्र मागे राहिलं. आता एक खोली आणि पोषण आहाराची पोती.

सेविकांना बोल लावणं सोपं आहे. वजन-उंची, आहार, मोबाइलमधल्या नोंदी, सर्वेक्षण. त्यातून वीस-पंचवीस पोरं आवारात न्यायची म्हणजे जबाबदारी. तीही खरी. सावरीच्या खोडाला काटे असतात, रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो, कण्हेर विषारी, आणि कुंपणावर वाळलेली खाजकुयली असेल तर सगळा वर्ग खाजवत घरी जाईल. लालचुटुक गुंजा जुन्या लोकांनी मोजणीला वापरल्या, पण चावली गेलेली गुंज जीवघेणी ठरू शकते, ती नकोच. नाकात जाईल एवढी कोणतीच बी एवढ्या पोरांच्या घोळक्यात एकटीने वाटू नये. मदतनीस हवी आणि तिला ‘मुलं धरून ठेव’ यापलीकडचं काम हवं.

खरी अडचण मला पालकांची वाटते, म्हणजे आपली. फूल हातात घेऊन घरी आलेल्या पोराला आपण पहिलं विचारतो, ‘आज वहीत काय लिहिलं?’ शाळा मग वही भरते, भिंत भरते, वर्षाअखेरीला साडेचार वर्षांच्या मुलाला काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून पदवी देते आणि त्या फोटोचे पैसेही घेते. प्रवेशाच्या वेळी एसी आहे का, सीसीटीव्ही आहे का, हे विचारणारे आपण, आवारात झाड कोणतं आहे हे विचारत नाही.