छत्रीपासून लिनक्सच्या पेटीपर्यंत

उपग्रहावरून येणारा दूरचित्रवाणी संकेत संगणकाला वाचता यावा म्हणून त्याला जे छोटे यंत्र जोडले जाते, त्याला उपग्रह रिसीव्हर कार्ड म्हणतात. आणि एकच ठरावीक काम अखंड करण्यासाठी बनवलेल्या, तळहाताएवढ्या संगणकावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवली की ती एम्बेडेड लिनक्स प्रणाली होते. या दोहोंची जोडी जमवून घरातल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर वाहिन्या पोचवणारी पेटी तयार करणे अंधेरी-बोरिवलीतल्या हौशी तंत्रज्ञाच्या सहज आवाक्यात आहे. मात्र कार्ड घेताना सारे लक्ष जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यांकडे जाते, आणि फसगत होते ती ड्रायव्हर व वीज या दोन गोष्टींत.

मुळात काय दिसणार, हे आधी पाहिले पाहिजे. १९९१ मध्ये स्टार आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी या वाहिन्या एशियासॅट-१ उपग्रहावरून सुरू झाल्या, तेव्हा उपनगरांतल्या केबलवाल्यांनी गच्च्यांवर मोठाल्या छत्र्या उभारून त्या घरोघर पोचवल्या. पुढे सशुल्क वाहिन्यांचे संकेत कूटबद्ध झाले आणि ३१ ऑक्टोबर २०१२च्या मध्यरात्रीपासून मुंबईत केबलसाठीही डिजिटल सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. केबल असो वा डीटीएच, सशुल्क वाहिन्या त्या त्या कंपनीच्या बॉक्सशीच बांधलेल्या असतात. साहजिकच स्वतःच्या कार्डावर सरळ मार्गाने पाहता येतात त्या मुख्यतः दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवरील विनाशुल्क वाहिन्या. युरोपातील ग्राहकाला उपयोगी पडणारी, कूट उलगडणारे मॉड्यूल बसवण्याची खाच असलेले महागडे कार्ड घेणे म्हणूनच मुलुंड-घाटकोपरमध्ये जवळजवळ व्यर्थ आहे.

डीडी फ्री डिशचा संकेत जीसॅट-१५ या उपग्रहावरून केयू बँड या कंप्रतापट्ट्यात येतो. त्यातील काही वाहिन्या डीव्हीबी-एस या जुन्या पद्धतीने, तर काही २००५ साली प्रमाणित झालेल्या डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीने प्रसारित होतात. एस२ कार्डाला दोन्ही पद्धती वाचता येतात, पण केवळ डीव्हीबी-एस समजणाऱ्या जुन्या कार्डाला एस२ मुळीच कळत नाही. त्यामुळे स्वस्तात मिळते म्हणून जुने कार्ड घेण्यात शहाणपण नाही.

वेगाची काळजी मात्र फारशी करावी लागत नाही. एका ट्रान्सपाँडरवरून, म्हणजे उपग्रहावरील एका प्रक्षेपण-साखळीतून, डीव्हीबी-एस पद्धतीने सेकंदाला साधारण ४० मेगाबिट माहिती येते, तर यूएसबी २.० ची कागदोपत्री क्षमता ४८० मेगाबिट आहे. अर्धी क्षमता वाया गेली तरी एका ट्यूनरला, म्हणजे एका वेळी एक ट्रान्सपाँडर पकडणाऱ्या भागाला, ती पुरून उरते. शिवाय आजची बहुतेक कार्डे चित्र उलगडण्याचे काम करतच नाहीत. दोन दशकांपूर्वी 'फुल-फीचर्ड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्डांवर त्यासाठी वेगळी चिप असे. आता कार्ड फक्त कच्चा प्रवाह पुढे सोडते आणि बाकीचे काम टीव्ही किंवा मोबाइल करतो. अनेक ट्यूनर एकदम हवे असतील तरच पीसीआय एक्सप्रेस जोडणीचा विचार करावा.

खरी कसोटी ड्रायव्हरची. कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर, आणि तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आधीपासून सामील आहे की उत्पादकाच्या संकेतस्थळावरून वेगळा आणावा लागतो, यावर त्या पेटीचे आयुष्य अवलंबून असते. वेगळा आणलेला ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा बांधावा लागतो. त्याचा काही भाग बंदिस्त स्वरूपात केवळ इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी दिलेला असेल, तर एआरएम प्रोसेसर असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर तो चालतच नाही. वर 'लिनक्सवर चालते' असे खोक्यावर छापलेले असतेच! डीव्हीबीस्काय एस९६० सारख्या यूएसबी पेट्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, पण त्यांनाही चिपमध्ये भरायची फर्मवेअर नावाची फाइल वेगळी ठेवावी लागते. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या पेटीत पुढच्या आवृत्तीत निराळी चिप निघू शकते, म्हणून नावापेक्षा आतल्या चिपची चौकशी केलेली बरी. सारे जमले की प्रणालीत डीव्हीबी नावाच्या कप्प्यात फ्रंटएंड, डीमक्स आणि डीव्हीआर अशा फायली आपोआप उभ्या राहतात.

विजेचा हिशेब त्याहून रोखठोक आहे. छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीला, म्हणजे संकेत टिपून केबलमध्ये सोडणाऱ्या भागाला, कार्डच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट पुरवते आणि या दोन दाबांवरूनच उभ्या व आडव्या ध्रुवणाची, म्हणजे लहरींच्या कंपनदिशेची, निवड होते. एलएनबीने १८ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर घेतले तरी २.७ वॅट होतात, आणि यूएसबी २.० चे एक पोर्ट नियमानुसार देते २.५ वॅट. स्वतःचा अ‍ॅडाप्टर नसलेले कार्ड छोट्या बोर्डाला जोडले की एका ध्रुवणाच्या वाहिन्या दिसतात आणि दुसऱ्या ध्रुवणावर जाताच बोर्ड बंद पडतो, असा घोळ त्यातूनच होतो.

छत्रीच्या जागेचा प्रश्न कोणतेही कार्ड सोडवत नाही. जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर असल्याने मुंबईतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो. बोरिवलीच्या पूर्वेचे डोंगर आड येत नाहीत, पण त्या दिशेला २० मीटरवर छत्रीपेक्षा ३१ मीटर उंच टॉवर उभा राहिला की संकेत संपला. पावसाळ्यात कमी कंप्रतेच्या सी बँडपेक्षा केयू बँडचा संकेत कितीतरी जास्त क्षीण होतो. अशा वेळी ज्याचा ड्रायव्हर संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर डेसिबलमध्ये दाखवतो असे कार्ड उपयोगी पडते: सरीबरोबर आकडा खाली येऊन पुन्हा वर चढला तर दोष आभाळाचा, आणि पाऊस थांबून ऊन पडल्यावरही तो खालीच राहिला तर गच्चीवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे का, ते आधी पाहावे.