लस आधी, शोधनिबंध नंतर

2021च्या जून-जुलैत महाराष्ट्रात इतरत्र कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती, कोल्हापुरात मात्र ती हटत नव्हती. लसीसाठी लोक पहाटेपासून रांगा लावत. त्या लसींपैकी कोव्हॅक्सिनचा कागदोपत्री प्रवास समजून घेण्याजोगा आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेकला मिळाला आणि सरकारी प्रयोगशाळा व खासगी कंपनी यांच्या भागीदारीतून लस तयार झाली. आपत्कालीन मंजुरी मिळाली 3 जानेवारी 2021 रोजी. तिसऱ्या टप्प्यातील 25 हजारांहून अधिक स्वयंसेवकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष जुलैत प्रीप्रिंट म्हणून आले. प्रीप्रिंट म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच सर्वांसाठी खुला केलेला मसुदा. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो निबंध तज्ज्ञांच्या तपासणीनंतर छापून आला नोव्हेंबरमध्ये. लस चांगली ठरली, 77.8 टक्के परिणामकारक. तरी हे आकडे लस टोचून घेणाऱ्यांना आधी मिळायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

प्रीप्रिंटमुळे महासाथीत महिन्यांचे काम दिवसांवर आले, हा मोठा लाभ. पण तज्ज्ञांची तपासणी झाली म्हणजे निर्धास्त, असेही नाही. कोरोनासाठी आजमावल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा ‘लॅन्सेट’मधला तपासलेला निबंध 22 मे 2020 रोजी आला. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी थांबवली. मूळ माहिती पडताळता येईना, म्हणून 4 जूनला निबंधच मागे घेतला गेला.

‘नवे संशोधन सांगते’ अशी बातमी वाचाल, तेव्हा आधी एवढे पाहा: तो प्रीप्रिंट आहे की तपासलेला निबंध, आणि तो अजून कायम आहे का.