गाडी समजून घेताना : काचेवरची वाफ

वायपरची रबरं कधी बदलायची, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण काच आतून धूसर झाली, तर बाहेरचं नवंकोरं रबरही काही करू शकत नाही. बारामती-इंदापूरकडे ही वेळ येते ती नेमकी गाळप हंगामात. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरलेला असतो आणि भवानीनगर, माळेगावच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलांच्या उसाने भरलेल्या टायरगाड्या अंधारात कारखान्याकडे निघालेल्या असतात. त्यांतल्या कितीतरींच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. अशा रस्त्यावर समोरची काच पाच-दहा सेकंद जरी दिसेनाशी झाली, तरी ते जिवावर बेतू शकतं.

खरं तर हे दोन्ही तालुके कमी पावसाचे. पण १८८५च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने इथलं शिवार बागायती केलं, आणि भिगवण-पळसदेवच्या बाजूला उजनीचं पाणी पसरलेलं आहे. भिजलेली रानं, उभा ऊस आणि पाण्याचा फुगवटा यांमुळे थंडीच्या पहाटे हवा ओलसर असते, धुकंही पडतं. तरी काचेच्या आतल्या बाजूला जी वाफ धरते, तिचं बरंचसं पाणी बाहेरून येत नाही. ते आपलंच असतं.

श्वास आणि त्वचा मिळून एक माणूस तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आता हवेचा हिशेब बघा. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. १२ अंशांना जेमतेम ११ ग्रॅम. गाडीच्या आत तीनेक घनमीटर हवा असते, म्हणजे थंड पहाटे तिची सगळी ऐपत ३२-३३ ग्रॅमची. चौघं बसले, काचा बंद केल्या, की पंधरा मिनिटांत तेवढं पाणी ते सोडतात. आणि ओलसर पहाटेची हवा मुळात अर्धीअधिक भरलेलीच असते. श्वासाने गरम झालेली आतली हवा बाहेरून गारठलेल्या काचेला टेकली, की न मावणारं पाणी तिथेच थेंबाथेंबाने जमतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तसंच.

उपाय इथूनच निघतो. हवेतलं पाणी काढायचं, काच पुसत बसायचं नाही. हाताने पुसलेल्या काचेवर तेलकट पट्टे राहतात आणि समोरून आलेला ट्रकचा उजेड त्यांवर फुटतो.

‘थंडीत एसी कशाला?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि माझ्या मते चूक तिथेच होते. एसीचं एक काम गारवा देणं, दुसरं हवा कोरडी करणं. त्याच्या थंड जाळीवरून हवा जाते तेव्हा वाफेचं पाणी होतं आणि नळीवाटे गाडीखाली गळतं. म्हणून एसी चालू ठेवायचा आणि तापमानाचा खटका गरमकडे फिरवायचा. हवेचा झोत समोरच्या काचेवर घ्यायचा. आतलीच हवा फिरवणारं बटण मात्र बंद हवं, नाहीतर आपलाच श्वास पुन्हा पुन्हा काचेवर जातो. काच साफ झाली म्हणून लगेच एसी बंद करू नका. जाळीवरचं पाणी हवेत परततं आणि काच एकाएकी पुन्हा धूसर होते. मागच्या काचेवर आडव्या तारा असतील तर त्यांचं बटण वेगळं असतं, तेही लावा.

एसी नसलेल्या जीपला, टेम्पोला किंवा पिॲजिओच्या बारामतीतच तयार होणाऱ्या आपे रिक्षेला सोपा मार्ग आहे : दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवायची. गार वारा लागेल, तो सोसावा.

बाकी काळजी घरच्या घरी होते. काच आतून महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कापडाने पुसा. धूळ आणि तेलकट थर असला की थेंबांना धरायला जागा मिळते. पायाखालची मॅटिंग, ओली पोती, भाजीचे क्रेट रात्रभर गाडीत ठेवू नका. मॅट कायम ओली राहत असेल तर दाराचं रबर किंवा एसीची नळी तपासून घ्या.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं. आषाढात तुकोबांची पालखी संसर, बेलवडी, निमगाव केतकीवरून इंदापूरकडे निघते, तेव्हा मागोमाग जाणाऱ्या गाड्यांत एसी जोरात असतो, बाहेरची हवा उबदार आणि ओली असते. तेव्हा थंड काचेवर वाफ बाहेरून धरते. बोट फिरवून बघा : आतून पुसली जात नसेल तर वायपर चालवा आणि थंड झोत काचेवरून हटवा.

पहाटे निघायचं असेल तर पाच मिनिटं आधी उठा. काच चारी कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ दिसल्याशिवाय गाडी अंगणातून काढू नका, आणि तुमच्या घरची ट्रॉली कारखान्याला जात असेल तर आजच तिच्या मागे रिफ्लेक्टर लावा.