एकाच गावात साथ सारखी का पसरत नाही?

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाने पुन्हा डोके वर काढले ते आपल्या वऱ्हाडात. अमरावती आणि अचलपूरला टाळेबंदी लागली, पाठोपाठ अकोला, मूर्तिजापूर आणि आपले अकोटही प्रतिबंधित क्षेत्र झाले. एका गल्लीत घरोघरी ताप-खोकला आणि पलीकडच्या गल्लीत कुणाला काही नाही, हे असे कसे? कुणी नशिबाला बोल लावला, कुणी देवाच्या कोपाला. कारणाशिवाय काही घडत नाही असे मानणाऱ्या धम्माचे आपण उपासक; तेव्हा आपण कारण शोधू.

पहिली गोष्ट ही, की प्रत्येक रोगी सारख्याच लोकांना रोग देत नाही. कोरोनाच्या बाबतीत संशोधकांचा अंदाज असा, की शंभरातील दहा-वीस रोग्यांकडूनच ऐंशी टक्के प्रसार झाला. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांनी कुणालाच रोग दिला नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ६१ माणसे बंद खोलीत गाण्याच्या सरावाला जमली आणि त्यांतील ५३ आजारी पडली. तसा एक रोगी, तशी एक बंद खोली एखाद्या गल्लीच्या वाट्याला आली नाही, तर ती गल्ली सुटते. त्यात तिचे पुण्य नाही आणि आजारी पडलेल्या गल्लीचे पापही नाही. १४ एप्रिल २०२० ची जयंती आपण मिरवणूक न काढता घराघरांत साजरी केली, त्याचे महत्त्व यावरून कळावे.

पण सगळेच योगायोगावर ढकलता येत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत लोकांचे रक्त तपासले गेले. संसर्ग होऊन गेल्याची खूण झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. शहर तेच, विषाणू तोच! रोग जात पाहत नाही असे म्हणतात. खरे आहे, विषाणूला जात कळत नाही. पण एका खोलीत झोपणारी आठ माणसे, पन्नास घरांत एक संडास आणि घरी बसले तर चूल पेटत नाही अशी रोजंदारी, हे त्याला बरोबर सापडते. ही घरे कुणाच्या वाट्याला आली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

जाता जाता एक सांगतो. 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द तेव्हा आम्हाला फार खुपला. सामाजिक अंतर आपल्या आजा-पणज्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसले. त्याविरुद्धच १९२७ साली बाबासाहेबांनी महाडचे चवदार तळे गाठले. साथीला हवे असते ते शारीरिक अंतर, आणि तेवढाच शब्द पुरेसा होता.

तिसरे कारण आयाबहिणींनी नीट वाचावे. गोवराचा एक रोगी, लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू खोलीच्या हवेत राहतो. म्हणून शंभरातील ९५ मुलांना लस मिळाल्याशिवाय ही साथ थांबत नाही. तालुक्याचा आकडा चांगला असला तरी राहून गेलेली मुले विखुरलेली नसतात. ती एकाच वस्तीत, एकाच वीटभट्टीवर, मेळघाटातून मजुरीला उतरलेल्या एकाच टोळीत असतात. ठिणगी पडते ती तिथे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत गोवराने लेकरे दगावली, तेव्हा त्यांच्यातही लस न मिळालेली बरीच होती.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. पुरळ उठले की 'माता आली' म्हणून लेकराला घरात ठेवू नये, दवाखान्यात न्यावे. तिथे 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही देतात. कामासाठी गाव सोडताना लसीचे कार्ड सोबत बांधून घ्यावे, म्हणजे जिथे बिऱ्हाड पडेल तिथल्या आरोग्य केंद्रात पुढचा डोस घेता येतो.